केळं पिकवणारा वायू माणसाला झोपवतो तेव्हा

आमचे मोठे काका, गावात सगळे त्यांना आबाच म्हणतात, रावेरकडचे केळीवाले. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या पित्ताच्या पिशवीतले खडे काढले, जळगावला, दुर्बिणीतून. खरं तर ऑपरेशन एक दिवस आधीच व्हायचं होतं पण आबांनी पहाटे कुणाला न सांगता अर्धा कप चहा मारला आणि नर्सने विचारल्यावर प्रामाणिकपणे सांगूनही टाकलं, झालं, त्या दिवशीचं रद्द. दुसऱ्या दिवशी बाहेर आणलं तेव्हा डोळे अर्धे उघडे आणि पहिलं वाक्य काय तर, "कव्हा सुरू करतीन रे? मले तं आत्ताच आत नेलं ना." दीड तास होऊन गेला होता.

मी फार्मसीला शिकवतो, त्यामुळे घरात औषधाचा कुठलाही प्रश्न निघाला की तो माझ्याच गळ्यात. आठ-दहा दिवसांनी मळ्यात भेटायला गेलो तर आबा चुलतभावाच्या रायपनिंग चेंबरसमोर, म्हणजे केळी पिकवायच्या खोलीसमोर, खाट टाकून बसलेले, मला बघताच म्हणाले, "सांग बरं, नाकातून वारं गेलं अन् माणूस बंद कसा पडला? झोप तं नव्हती ती. झोपेत कुत्रं भुंकलं तरी समजतं." आणि खरंच, प्रश्न एकदम बरोबर जागी मारला होता. झोपलेल्या माणसाला चिमटा काढला तर तो उठतो, भुलीतल्याचं पोट उघडलं तरी तो हलत नाही. ही झोप नाहीच मुळी. जगात १६ ऑक्टोबर १८४६ ला बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टनने सगळ्यांसमोर इथर हुंगवून भूल देऊन दाखवली, तेव्हापासून माणसं रोज भूल घेतायत, आणि ती नेमकी कशी चालते यावर शास्त्रज्ञांची भांडणं अजून मिटलेली नाहीत.

मी सुरुवात आबांच्या पाठीमागच्या चेंबरपासूनच केली. कारण त्यात जो वायू सोडतात, इथिलीन, तो एकेकाळी माणसाला भूल द्यायला वापरला जायचा! शिकागोत काचघरातली कार्नेशनची फुलं उमलायच्या ऐवजी मिटून जायची, तपास केला तर दिव्यांच्या गॅसमधला इथिलीन कारण निघाला, ते १९०८ साल. पुढे तिथल्याच विद्यापीठातल्या अर्नो लकहार्ट यांनी विचार केला की फुलाला असं होतं तर प्राण्याला काय होत असेल, आधी प्राण्यांवर, मग स्वतःवर हुंगून बघितलं, आणि १९२३ पासून इथिलीन ऑपरेशनला वापरात आला. पुढे बंद पडला कारण तो ऑक्सिजनबरोबर भडकतो आणि ऑपरेशन थिएटरमध्ये स्फोट नको असतात. कार्बाइडच्या पुड्यांमधून निघतो ना तो ॲसिटिलीन, जर्मनीत त्याचीही भूल देऊन झालीय त्याच काळात. म्हणजे केळी पिकवायचे दोन्ही वायू, एक कायदेशीर आणि एक बंदी घातलेला, दोन्हींनी माणसं झोपवलेली आहेत. हे ऐकून आबांनी खाट जरा पुढे सरकवली, तर आधीच सांगून ठेवतो, घाबरायचं कारण नाही, आणि ते का नाही त्यातच अर्धं उत्तर आहे.

चेंबरमध्ये इथिलीन किती लागतो? हवेच्या दहा लाख भागांत साधारण १०० भाग. टक्क्यात सांगायचं तर ०.०१. आणि माणसाला झोपवायला किती लागायचा? ८० टक्क्यांच्या आसपास, उरलेला ऑक्सिजन. आठ हजार पट! एकच वायू, मग एवढा फरक का? तर झाडाकडे इथिलीनसाठी खास बनवलेला रिसेप्टर असतो. रिसेप्टर म्हणजे पेशीतलं एक प्रोटीन, ज्यात ठरावीक रेणू येऊन बसला की पेशीला निरोप मिळतो. इथिलीनच्या रिसेप्टरमध्ये तांब्याचा अणू असतो, तो इथिलीनला घट्ट पकडतो, म्हणून चिमूटभर वायू पुरतो. झाडांनी स्वतःसाठी करून घेतलेली सोय आहे ती. आपल्या मेंदूत मात्र भुलीच्या वायूसाठी असलं काहीच बनवलेलं नाही, कशाला असेल, निसर्गाला काय माहीत की पुढे कोणी आपल्याला इथर हुंगवणार आहे. त्यामुळे हे वायू दुसऱ्याच कामासाठी असलेल्या प्रोटीनच्या सांदीकोपऱ्यात जाऊन बसतात, सैल बसतात, सारखे आत-बाहेर करतात, म्हणून भरपूर लागतात. आणि सैल बसतात म्हणूनच नळी काढली की माणूस परत उठतो.

आता आबांना काय दिलं होतं? मोठ्या माणसाला हल्ली आधी शिरेतून दुधासारखं पांढरं प्रोपोफॉल देतात, माणूस अर्ध्या-एक मिनिटात जातो, आणि मग पुढचा वेळ वायूवर ठेवतात, बहुतेक ठिकाणी सेव्होफ्लुरेन किंवा आयसोफ्लुरेन. लहान पोरं सुईला रडतात म्हणून त्यांना थेट मास्कनेच, सेव्होफ्लुरेनला गोडसर वास असतो त्यामुळे चालतं. हे वायू बाटलीत पातळ औषध म्हणून येतात, मशीनवरच्या व्हेपोरायझरमध्ये त्यांची वाफ होते. जुन्या इथरची गंमत म्हणजे तो ३५ अंशाच्या जरा खालीच उकळतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, म्हणजे सावलीत ठेवलेली बाटली सुद्धा उघडली की उकळायला लागली असती! सेव्होफ्लुरेनला ५८ लागतात, तो खानदेशात टिकतो.

फुप्फुसातून रक्तात, रक्तातून मेंदूत, हा रस्ता सोपाय, फक्त एक उलटं वाटणारं गणित त्यात आहे. जो वायू रक्तात जास्त विरघळतो तो हळू चढतो. कारण रक्तच त्याला पिऊन टाकतं, कोरड्या जमिनीत पाट सोडला तर पाणी आधी पाटातच जिरतं तसं, शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. इथर रक्तात हवेच्या बारा पट विरघळायचा, माणूस जायलाही वेळ आणि यायलाही. सेव्होफ्लुरेन एक पटीपेक्षाही कमी, म्हणून लवकर चढतो आणि लवकर उतरतो.

पण मेंदूत पोचून करतो काय? इथून खरी स्टोरी.

पहिलं उत्तर तेलातून आलं. १८९९ मध्ये जर्मनीत हान्स मेयर आणि १९०१ मध्ये झुरिचला चार्ल्स ओव्हरटन, दोघांनी आपापलं काम करताना एकच गोष्ट पकडली, की जो पदार्थ ऑलिव्ह तेलात जास्त विरघळतो तो भूल म्हणून जास्त कडक. बेडकाच्या पिल्लांवर करून बघितलं होतं, पोहायची थांबली की भूल लागली. आजच्या आकड्यांनी बघा. भुलीचे दोन वायू घ्या, नायट्रस ऑक्साइड म्हणजे लाफिंग गॅस आणि हॅलोथेन. एक लिटर तेलात नायट्रस ऑक्साइड मावतो साधारण १.४ लिटर आणि हॅलोथेन मावतो २२४ लिटर. आता डोस. निम्म्या लोकांना चीर दिल्यावर हलू न देण्याइतकं वायूचं प्रमाण, याला भूलतज्ज्ञ मॅक म्हणतात. हॅलोथेनचा मॅक ०.७५ टक्के आणि नायट्रस ऑक्साइडचा १०४ टक्के. हो, शंभरच्या वर, म्हणजे साध्या हवेच्या दाबात नुसत्या नायट्रसने पूर्ण भूल देताच येत नाही, तो जोडीला वापरतात. तेलातलं प्रमाण आणि मॅक यांचा गुणाकार केला तर एकाचा दीडशेच्या जवळ येतो आणि दुसऱ्याचा पावणेदोनशेच्या आत. एकाचं प्रमाण दुसऱ्याच्या दीडशे पट असताना गुणाकार इतके शेजारी येतात, हा योगायोग कसा म्हणायचा?

आणि तेल शरीरात कुठंय तर प्रत्येक पेशीच्या भोवती. पेशीचं आवरण म्हणजे स्निग्ध रेणूंचे दोन थर पाठीला पाठ लावून, जाडी जेमतेम ४-५ नॅनोमीटर. मी आबांना म्हटलं, शेवभाजीवरची तर्री बघा, ती तर्री म्हणजे आवरण, आणि तिच्यात अर्धवट बुडालेली शेव म्हणजे प्रोटीन. मेयर आणि ओव्हरटनच्या बाजूची मंडळी पुढे म्हणायला लागली की भुलीचा वायू तर्रीत शिरतो, तर्री फुगते, पातळ होते, आणि त्यामुळे सगळा कारभार बिघडतो. सत्तर-ऐंशी वर्षं हेच चालू होतं. छान सुटसुटीत उत्तर होतं, मला सुद्धा कॉलेजात शिकताना हेच पटलं होतं.

मग त्याला भोकं पडायला लागली. एक तर मोजून बघितलं तेव्हा कळलं की भुलीच्या डोसने आवरण जेवढं पातळ होतं तेवढं तर शरीराचं तापमान एखाद अंशाने वाढलं तरी होतं. मग ताप आला की माणूस आडवा बेशुद्ध पडायला पाहिजे! आमचे भुसावळ-रावेरचे लोक तर मग मार्च ते जून भुलीतच राहिले असते. उलट प्रत्यक्षात शरीर थंड असलं तर भूल कमी लागते. दुसरं, अल्कोहोलची साखळी लांब करत गेलं की तेलात विरघळणं वाढतच जातं, पण साधारण बारा-तेरा कार्बनच्या पुढे भूल देण्याची ताकद एकदम संपते. तेलाचा प्रश्न असता तर ती वाढायला हवी होती. रेणू मोठा झाला की तो कुठल्या तरी मापाच्या खोबणीत मावत नाही असं त्याचं सरळ कारण दिसतं. आणि खोबण तेलात नसते, प्रोटीनमध्ये असते. तिसरं, आयसोफ्लुरेनचे दोन प्रकार असतात, डाव्या-उजव्या चपलेसारखे, बाकी सगळं सारखं. तेलाला दोन्ही सारखेच, तेलाला पाय थोडाच आहे. पण १९९१ मध्ये निकोलस फ्रँक्स आणि विल्यम लीब यांनी गोगलगायीच्या मज्जापेशींवर बघितलं तर एक प्रकार दुसऱ्याच्या जवळपास दुप्पट काम करत होता. चप्पल घट्ट-सैल लागते म्हणजे आत पाऊल आहे.

याच जोडीचा त्याआधीचा, १९८४ चा प्रयोग मला सगळ्यात आवडतो. पावसाच्या तोंडावर आमच्याकडच्या पाल गावच्या जंगलाकडे रात्री गेलात तर काजवे दिसतात. काजव्याचा उजेड ल्युसिफरेज नावाच्या प्रोटीनमुळे पडतो. हे प्रोटीन त्यांनी पाण्यात घेतलं, त्यात तेल-चरबी आवरण काहीच नाही, आणि एकेक भुलीचं औषध त्यात टाकलं. उजेड मंद झाला. आणि गंमत म्हणजे जे औषध माणसात जितकं कडक, त्याच हिशोबात ते उजेडही कमी करत होतं. म्हणजे मेयर-ओव्हरटनचं गणित तेलाशिवाय सुद्धा जसंच्या तसं जुळलं. कारण प्रोटीनच्या आतल्या खोबणी सुद्धा तेलकटच असतात! सत्तर-ऐंशी वर्षं सगळे तर्रीकडे बघत बसले आणि वायू कदाचित शेवेत शिरत होता.

मग कुठल्या शेवेत? इथे मज्जापेशीबद्दल थोडं. मज्जापेशी म्हणजे छोटी बॅटरी, आतली बाजू बाहेरच्यापेक्षा उणे ७० मिलीव्होल्टच्या आसपास. ती कमी उणी झाली की पेशी ठिणगी टाकते, जास्त उणी झाली की गप्प बसते. हे व्होल्टेज खालीवर करतात आवरणातले चॅनल, प्रोटीनचे नळच म्हणा, कोणी सोडियम आत घेतो, कोणी पोटॅशियम बाहेर सोडतो, कोणी क्लोराइड आत घेतो.

गाबा-ए नावाचा रिसेप्टर यातला सगळ्यात गाजलेला. पाच तुकडे गोल करून उभे, मधून क्लोराइडचा रस्ता, वरून गाबा हा रेणू येऊन बसला की रस्ता उघडतो, उणा क्लोराइड आत येतो, पेशी गप्प. मेंदूतला हा मुख्य ब्रेक. भुलीचा वायू गाबाच्या जागेवर बसत नाही हे नीट लक्षात घ्या, तो खाली आवरणात बुडालेल्या भागात, तुकड्यांच्या मधल्या फटीत जाऊन बसतो, आणि मग गाबाने उघडलेलं दार लवकर मिटतच नाही. दाराच्या बिजागरीत खडा अडकला की दार अर्धवट उघडंच राहतं ना, तसं. १९९७ मध्ये तर या फटीतले एक-दोन अमिनो ॲसिड, म्हणजे प्रोटीनच्या माळेतले मणी, बदलून दाखवलं की वायूचा परिणाम गायब होतो, गाबा मात्र पहिल्यासारखंच काम करतो.

इथवर ऐकून वाटतं मिळालं उत्तर. पण नाही. उंदरांमध्ये गाबा-ए ची एक ठरावीक जागा बदलली तर प्रोपोफॉल दिल्यावर ते चिमटा काढला की पाय ओढून घेतात, म्हणजे त्या औषधाचं मुख्य कुलूप तिथेच होतं. त्याच उंदरांना हॅलोथेनसारखा वायू दिला तर थोडासाच जास्त लागतो, बाकी ते मस्त आडवे. शिरेतल्या औषधाला एक कुलूप सापडलं, वायूला नाही सापडलं, कारण वायू एका जागी काम करतच नाही. तो पोटॅशियमचे गळके नळ जास्त उघडतो, ट्रेक आणि टास्क नावाचे, पोटॅशियम बाहेर गेला की पेशी आणखी गप्प. तो पाठीच्या कण्यातल्या ग्लायसीन रिसेप्टरला जोर देतो. आणि नायट्रस ऑक्साइड व झेनॉन तर गाबाकडे फारसे फिरकतच नाहीत, ते एनएमडीए नावाच्या, पेशीला चेतवणाऱ्या रिसेप्टरला अडवतात, म्हणजे ब्रेक दाबायच्या ऐवजी ॲक्सिलेटरवरचा पाय काढतात. झेनॉन हा तर निष्क्रिय वायू, कोणाशी सहसा संयोग करत नाही, आणि १९५१ मध्ये त्याने माणसाला भूल दिली गेली. नुसतं जाऊन सांदीत बसलं तरी पुरतं, याला यापेक्षा मोठा पुरावा काय पाहिजे.

आबांनी इथे अडवलं. "एवढे नळ बंद-चालू करतो तं मग श्वास कसा चालू राहतो?" चांगला प्रश्न. मी म्हटलं, तुमचा शेतीचा विजेचा फिडर वेगळा आणि गावठाणाचा वेगळा असतो ना, शेतीचा आधी जातो, तसंच. डोस वाढत जाईल तसं एकेक फिडर बंद पडतो. मॅकच्या साधारण पाव डोसला आठवण तयार होणं थांबतं, तिसऱ्या हिश्शाला हाक मारली तर ओ देणं थांबतं, आणि चीर दिल्यावर हलायचं थांबायला पूर्ण मॅक लागतो. श्वास त्याच्याही पुढे, पण तोही मंद होत जातोच, आणि दुर्बिणीच्या ऑपरेशनला स्नायू सैल करायचं वेगळं औषध देतात त्यामुळे तिथे श्वास मशीनच देतं. म्हणूनच तिथे भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ बसून असतो, इंजेक्शन देऊन निघून जात नाही. लोकांना वाटतं सर्जनच सगळं करतो, आबांना तर भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंचं नावही माहीत नव्हतं. चहाचंही तेच, घशाला अन्न चुकीच्या नळीत जाऊ न द्यायची जी सवय आहे तो फिडरही बंद असतो, पोटात दुधाचा चहा असला आणि वर आला तर थेट फुप्फुसात.

आणि न हलण्याचा फिडर तर मेंदूत नाहीच! १९९३ मध्ये कॅलिफोर्नियात शेळ्यांवर प्रयोग झाला, मेंदूचं रक्त वेगळं करून फक्त मेंदूलाच आयसोफ्लुरेन दिला, तर शेळी हलू नये म्हणून दुपटीहून जास्त वायू लागला. म्हणजे एरवी हलणं थांबवण्याचं मुख्य काम पाठीच्या कण्यात होत असतं. शुद्ध मेंदूत जाते, पाय कण्यात थांबतो. डोसही वयाप्रमाणे बदलतो, चाळिशीनंतर दर दहा वर्षांना मॅक ६ टक्क्यांच्या आसपास उतरतो, अडुसष्टच्या आबांना माझ्यापेक्षा कमी वायूत काम भागलं असणार. हे त्यांना फारसं आवडलं नाही.

मग तर्रीवाले हरले का? मलाही असंच वाटायचं, पण २०२० मध्ये अमेरिकेतल्या स्क्रिप्स रिसर्चच्या लोकांनी त्यांना परत मैदानात आणलं. तर्री सगळीकडे सारखी पातळ नसते, थंडीत तेलात तुपाचे गोळे गोठून राहतात तसे आवरणात घट्ट चरबीचे पुंजके असतात, आणि त्या पुंजक्यांमध्ये काही एन्झाइम, म्हणजे रासायनिक कामं करणारी प्रोटीनं, अडकवून ठेवलेले असतात. क्लोरोफॉर्म आणि आयसोफ्लुरेनने हे पुंजके विस्कटतात असं त्यांना दिसलं, पीएलडी-२ नावाचा एन्झाइम त्यातून सुटतो, ट्रेक नळाजवळ जातो, तिथे एक चरबीचा रेणू तयार करतो आणि नळ उघडतो. ज्या फळमाश्यांमध्ये हा एन्झाइमच नव्हता त्यांना भूल लागायला जास्त औषध लागलं. म्हणजे तेलात शिरून शेवेवर परिणाम. माझं मत विचाराल तर यात तेल की प्रोटीन असं एकच निवडा म्हणणं चुकीचं आहे, नळ तेलातच रोवलेला आहे, तेल हललं तर नळ हलणारच, फक्त तेल पातळ झालं म्हणून सगळं बंद पडलं हे जुनं रूप आता चालत नाही.

जाता जाता लाजाळूचं. फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी १८७० च्या दशकात लाजाळूचं रोप काचेखाली इथरच्या वाफेत ठेवलं, नंतर हात लावला तर पानं मिटली नाहीत, वाफ काढल्यावर थोड्या वेळाने परत मिटायला लागली. झाडाला मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत, पण आवरण आहे आणि आवरणात चॅनल आहेत, तेवढं पुरलं. शाळेतल्या पोरांना भूल समजावायची तर मी कधीही आधी ही गोष्ट सांगतो.

"म्हंजे हाच वायू केळाले जागं करतो अन् माणसाले झोपवतो," आबा म्हणाले. मी म्हटलं हो, केळाकडे किल्ली आहे, आपल्याकडे नुसत्या फटी आहेत. तोवर काकू चहा घेऊन आल्या. आबांचा शेवटचा प्रश्न राहिला होता, ते औषध आता अंगात आहे का. नाही, सेव्होफ्लुरेनचा ५ टक्क्यांच्या आत भाग लिव्हरमध्ये मोडतो, बाकी सगळा जसा आला तसा श्वासातून बाहेर, चरबीत अडकलेला थोडा रेंगाळतो तोही तासा-दिवसात जातो.

"मग घरी आल्यावर चार दिवस मह्या तोंडाले वास येत होता तो भुलीचाच असंन?"

मी काही बोलायच्या आत काकूंनी खाटेच्या उशाला टांगलेल्या बंडीच्या खिशाकडे बघितलं, त्यातून विडीच्या बंडलाचा कागद डोकावत होता. आबांनी चहाचा कप उचलला आणि पोराला हाक मारली, "दार लाव रे चेंबरचं, गॅस चालला सगळा."